हातानं लावलेला शिक्का

दसऱ्याच्या सकाळी हेमलताबाई कागवाडे बॅग भरून, चपला घालून दारापाशी उभ्या राहिल्या आणि दार उघडेना.

बॅग नेहमीचीच होती. निळी, चाकांची, एक चाक रुसलेलं. विश्वंभर आवटींचा मुलगा पुण्याहून येणार असला की ही बॅग पलंगाखालून निघायची आणि बाईंना घेऊन मिरजेला त्यांच्या बहिणीकडं जायची. मुलगा परत गेला की बॅगही परत यायची. सहा वर्षं हे असं चाललेलं. आवटी त्याला 'सोय' म्हणत. हेमलताबाई त्याला काहीच म्हणत नसत. जन्मभर एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारलेली बाई एखाद्या गोष्टीला काहीच म्हणत नाही, तेव्हा आत कुठंतरी हिशेब मांडून होत असतो. पण आवटींना माणसांचा हिशेब कधी जमला नाही. त्यांचा सगळा जन्म लोखंडात गेला.

"अहो आवटी, दार."

"उघडतंय गं. जरा दम धर."

हॉलमध्ये टेबलावर घरचं यंत्र होतं. आवटींनी ब्राउझरवर टिचकी मारली. खिडकी उमटली, आता काही दिसणार असं वाटलं आणि मिटली. पुन्हा मारली. पुन्हा उमटून मिटली. देवळाच्या दारात पाऊल टाकावं आणि पुजाऱ्यानं 'तुम्ही कोण?' म्हणून मागं ढकलावं, तसं.

ब्राउझर नाही म्हणजे काहीच नाही. कृष्णाई हाइट्सच्या अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात दाराला कडी नव्हती, गॅसला कळ नव्हती, लिफ्टला बटण नव्हतं. सगळ्यांची पानं ब्राउझरमध्ये. आग लागली तर दार आपोआप उघडे, पण 'मुलगा येतोय' ही आग यंत्राच्या लेखी आग नव्हती.

मुलाचा, निनादचा, निरोप टेबलावरच्या फोनवर येऊन पडला होता. 'कराडला चहाला थांबलोय.'

"कराड म्हणजे आलाच," आवटी म्हणाले आणि त्यांनी पुन्हा टिचकी मारली. हा माणूस सहासष्ट वर्षांचा, अंगानं दणकट. फाउंड्रीच्या टूलरूममध्ये याच्या शब्दावर माणसं उभी राहायची नि बसायची. आता कपाळावर घाम, आणि डोळे दाराकडून बॅगेकडं, बॅगेकडून दाराकडं.

"मी बसू का तोवर?" हेमलताबाईंनी विचारलं.

"बस ना. विचारतेस काय?"

"नाही, चपला घातल्यात. परत काढू का असंच बसू, एवढंच विचारत होते."

आवटींनी पुन्हा टिचकी मारली. त्या चपलांसकट बसल्या.

आता हा प्रकार काय होता, ते सांगायला हवं.

पूर्वी संगणक फक्त एवढंच बघे, की फाइल कुणाची. मालकाचं नाव जुळलं की रान मोकळं. चोरांना ते सोयीचं होतं. एकदा मालकाचं सोंग घेतलं की अख्खं घर आपलं. एका वर्षी अशा सोंगाड्यांनी निम्म्या राज्याचे दवाखाने आणि वीजकेंद्रं बंद पाडली, आणि मग प्रत्येक घरच्या यंत्रात राखणदार बसवणं सक्तीचं झालं. राखणदार नाव विचारत नाही, शिक्का बघतो. प्रत्येक फाइलीवर, प्रत्येक प्रोग्रामवर एक शिक्का, आणि कुठल्या शिक्क्यानं कुठल्या शिक्क्याला हात लावायचा त्याची नियमावली. जुन्या काळच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला हे एका वाक्यात कळलं असतं. ओवळ्यानं सोवळ्याला शिवायचं नाही, घरची मालकीण असली तरी नाही. फरक एवढाच, की त्या स्वयंपाकघरात रडणाऱ्या पोरासाठी नियम वाकायचा. राखणदाराला रडणं ऐकू येत नाही.

माणसांचंही तसंच. दारावरचा डोळा चेहरा बघतो, तो यंत्रातल्या चेहऱ्याच्या फाइलीशी जुळवतो आणि त्या फाइलीवरचा शिक्का वाचतो. 'घरचा', 'कामाचा' किंवा 'पाहुणा'. घरच्यानं केव्हाही यावं-जावं. पाहुण्यानं आत यायचं तर घरच्यापैकी कुणीतरी दारात हवं. नातं, प्रेम, उपकार यांचे रकाने दाराकडं नाहीत.

आणि काल होती खंडेनवमी.

टूलरूममध्ये त्या दिवशी मशीन बंद. लेथला झेंडूची माळ, व्हर्निअर मापपट्टीला हळदकुंकू, आणि हत्याराला काम लावायचं नाही म्हणजे नाही, साक्षात मालक आला तरी नाही. निवृत्त माणसाच्या घरात हत्यार म्हणण्यासारखं काय उरतं? पकड, सुरी आणि राखणदार. घराचं रक्षण करतो तो, म्हणजे शस्त्रच की. आवटींनी यंत्राला माळ घातली, कुंकू लावलं, हात जोडले आणि राखणदाराला दिवसभर विश्रांती दिली. ब्राउझर मात्र चालू ठेवला. ती खिडकी, तिला कसली विश्रांती? हेमलताबाईंनी दिवसभर त्याच खिडकीतून झेंडू मागवला, चक्का मागवला, दोन्ही दाराशेजारच्या सामानाच्या झडपेतून आत घेतले, बहिणीशी गप्पा मारल्या आणि श्रीखंडात जायफळ घालावं की नाही यावर परक्या बायकांचं भांडण ऐकलं. आज सकाळी आवटींनी राखणदाराला उठवलं. तेव्हापासून हे.

"तुमच्या पूजेनंच झालंय," हेमलताबाई म्हणाल्या.

"पूजेनं कधी काय बिघडतं का? तूच दिवसभर काहीबाही उघडून बसली होतीस."

"मी बसले होते. पहारेकऱ्याला झोपवून घर उघडं टाकणारे तुम्ही."

आवटींनी इमारतीच्या यंत्र-मदतीला फोन लावला. तिथं कुलसुम मुजावर नावाची मुलगी होती. तिच्या आवाजातच कळत होतं, की आज तिला चहासुद्धा मिळालेला नाही.

"खंडेनवमी केली का काका?" तिनं नमस्काराच्या आधी विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"सकाळपासून निम्मी सांगली हेच विचारतेय. कुणी राखणदाराला नारळ फोडला, कुणी पाणी शिंपडलं. आमच्या अब्बांनी पण माळ घातली होती, पण चालू ठेवून घातली. तुम्ही बंद केला असणार."

"विश्रांती दिली."

"दिली ना? मग ऐका. तो झोपलेला असताना तुमच्या ब्राउझरनं ज्या फाइली लिहिल्या, त्यांच्यावर शिक्का मारायला कुणी नव्हतं. आज तो जागा झाला. बिनशिक्क्याची फाइल म्हणजे त्याच्या लेखी बेवारस, कुणी शिवायचं नाही. आणि ब्राउझर उघडला की आधी कालच्याच फाइलींना हात घालतो. घातला की राखणदार त्याची मानगूट धरतो. बिचाऱ्या ब्राउझरचा काही दोष नाही."

"मग राखणदाराला परत झोपवू का? पाच मिनिटं?"

"झोपवा. पण राखणदार झोपलेल्या घराचं दार इमारत उघडत नाही. काल तुम्ही बाहेर पडला नाहीत, म्हणून कळलं नाही."

आवटींनी काल दिवसभर आपण कोंडलेले होतो आणि मजेत श्रीखंड ढवळत होतो, हे पचवायला एक क्षण घेतला.

"उपाय सोपाय काका. यंत्राला 'मूळ शिक्के' हा हुकूम द्यायचा. तो नियमावली उघडतो, एकेक फाइल बघतो आणि जिथं जो शिक्का असायला हवा तो मारतो. ब्राउझर सुरू होतो, दार उघडतं. हुकूम मात्र घरातूनच द्यावा लागतो, मला इथून देता येत नाही. मला नुसत्या तुमच्या अडलेल्या फाइली आणि शिक्के दिसतात." ती थांबली. बटणं दाबल्याचा आवाज आला. "एकच गोष्ट. मूळ शिक्के लावले की हातानं लावलेले पुसले जातात. तुमच्याकडं तसा एकच आहे. काकूंचा."

फोन टेबलावर होता आणि त्याचा आवाज मोठा होता.

काकू. सहा वर्षांत या घरात हेमलताबाईंना कुणी काकू म्हटलं नव्हतं, कारण म्हणणारं कुणी येऊच दिलं नव्हतं.

"म्हणजे बघा," कुलसुम निर्मळपणे सांगत राहिली, "कागवाडे काकूंच्या चेहऱ्याची फाइल पाहुण्यांच्या खणात आहे आणि वरनं 'घरचा' शिक्का चिकटवलाय. नियमावलीत नाव नाही. मूळ शिक्के लावले की त्या पाहुण्या होणार. तसं नको असेल तर आधी नियमावलीत नाव घाला. दोन्ही मालकांची संमती लागते. तुमची आणि... निनाद आवटी. मुलगा का?"

"मुलगा," आवटी म्हणाले.

"मग काय, घरचंच काम. करा आणि सांगा मला." आणि तिनं पुढचा फोन घेतला.

आवटींना हे समजायला शास्त्र लागत नव्हतं. टूलरूममध्ये जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, खडूनं खूण करायची, ती तात्पुरती. जॉब धुतला की गेली. जे टिकायचं ते ड्रॉइंगमध्ये असायला लागतं. ड्रॉइंगमध्ये नसलेली गोष्ट नंतरचा माणूस करत नाही आणि त्यात त्याची चूकही नसते. आयुष्यभर त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं. आणि गुडघ्याच्या व्यायामवर्गात भेटलेली ही बाई घरी राहायला आली, तेव्हा तिच्यावर खडूनं खूण केली होती.

बायको गेल्यावर तिचा घरातला वाटा निनादच्या नावावर झाला होता. नियमावलीत नाव घालायचं म्हणजे निनादला सांगायचं. 'सांगू' म्हणता म्हणता सहा दसरे झाले.

"हेमा," ते म्हणाले, "मी घालणारच होतो."

"गाडी फलाटाला लागतच आहे, असं मीही जन्मभर सांगितलंय. लागत नसली तरी. लोक तेवढ्यावर थांबतात."

"तुला राग आला."

"आज कशाला येईल? मला पहिल्याच दिवाळीपासून माहीत आहे."

आवटींनी मान वर केली.

"तुम्ही भाजी घेऊन आलात की दार लगेच उघडतं. मी आले की जरा थांबतं. श्वास घेतल्यासारखं. मी आमच्या बहिणीच्या जावयाला विचारलं, तो यातलाच आहे. म्हणाला, मावशी, हातानं लावलेला शिक्का असला की राखणदार दोनदा बघतो. मग मीही दोनदा बघितलं, तुमच्याकडं. आणि गप्प बसले."

"बोलायचं होतंस."

"बोलले असते तर तुम्ही घातलं असतं. मी बोलल्यामुळं घातलं असतं." त्यांनी बॅगेचं रुसलेलं चाक बोटानं फिरवलं. "ते मला नको होतं."

निनादचा दुसरा निरोप आला, बायकोच्या वतीनं. 'पेठ नाक्याला आलो. मृण्मयी विचारतेय, येताना काय आणू?'

पेठ नाका म्हणजे तर दारातच. आवटी उठले, दाराशी गेले, दाराला हात लावून पाहिला, जणू गेल्या दहा मिनिटांत त्याचं मन बदललं असेल. परत आले. खिडकीतून खाली बघितलं. खाली लोक नवे कपडे घालून आपट्याची पानं वाटत होते, मिठ्या मारत होते. आजच्या दिवशी गावाची शीव ओलांडायची असते. यांना उंबरा ओलांडता येत नव्हता.

"ती लाल काच फोडते," हेमलताबाई म्हणाल्या. दाराशेजारी आगीचा खटका होता. "आग लागली असं समजेल आणि उघडेल."

"वेडी आहेस का! भोंगा वाजेल, सगळी इमारत खाली उतरेल."

"उतरू दे. दसरा आहे, तेवढंच भेटतील एकमेकांना."

"आणि विचारतील ना, आवटींच्या घरातून बॅग घेऊन निघालेल्या या बाई कोण?"

बोलून गेल्यावर त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं. हेमलताबाईंना तर ते स्पष्टच ऐकू आलं होतं. खोली तेवढीच होती, पण आता दोघांना मिळून अपुरी पडायला लागली.

"निनादला फोन करा," त्या म्हणाल्या. "गाडीत आहे, ऐकेल तरी. किंवा तो हुकूम द्या. दोन्हीपैकी एक करा. काय करायचं ते मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका."

आवटी यंत्रासमोर बसले. ब्राउझरशिवाय हुकूम द्यायच्या पडद्यावरच्या काळ्या पाटीवर त्यांनी दोन शब्द लिहिले. मूळ शिक्के. खाली यंत्रानं विचारलं, 'हातानं लावलेला एक शिक्का पुसला जाईल. करू?' त्यांनी फोन उचलला, निनादचं नाव काढलं, अंगठा त्याच्यावर धरला. मग फोन खाली ठेवला आणि होकाराची कळ दाबली. पाठ हेमलताबाईंकडं होती. पाठीला तोंड लपवता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पाटीवरून फाइलींची नावं वर सरकायला लागली. दुधाचं, विजेचं, गुडघ्याच्या क्ष-किरणाचं. मधेच एक ओळ गेली. 'कागवाडे हेमलता, होता घरचा, केला पाहुणा.' तिला दुधाच्या ओळीपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

ब्राउझर उघडला. स्वच्छ, सगळ्या पानांसकट, जणू काही झालंच नव्हतं. दार सरकलं आणि बाहेरच्या वऱ्हांड्यातला झेंडूचा वास आत आला.

"चल, लिफ्ट बोलावतो," आवटी म्हणाले. आवाजात सुटका होती, ती त्यांना लपवता आली नाही.

हेमलताबाईंनी बॅगेची दांडी ओढली. उंबऱ्यापर्यंत गेल्या. एक पाऊल उचललं आणि तसंच धरलं. मग ते आत ठेवलं, बॅग भिंतीला लावली आणि चपला काढल्या.

"काय झालं?"

"आता बाहेर पडले तर आत येताना तुम्ही दारात उभे हवात. तुम्ही आंघोळीला असलात तर मी जिन्यात. तुम्हाला डुलकी लागली तर मी जिन्यात. आणि तुमच्या मनात नसलं तरी मी जिन्यातच. मघापर्यंत दार बंद होतं म्हणून अडकले होते. आता उघडं आहे म्हणून अडकले." त्या स्वयंपाकघराकडं निघाल्या. "पुऱ्या तळायच्यात. चौघांच्या लागतील."

"हेमा, अगं तो येईल आता."

"येऊ दे. घर त्याचंही आहे. त्याला शिक्का आहे."

निनाद आला तो हातात आपट्याची डहाळी आणि तोंडभर हसू घेऊन. अडतिसाव्या वर्षीही त्याच्या चेहऱ्यावर आईची जिवणी होती, आणि ती बघितली की आवटींचं अर्धं धैर्य दरवर्षी उंबऱ्यातच गळायचं. मागं मृण्मयी, त्याची बायको, मिठाईचा खोका सांभाळत.

"सोनं घ्या बाबा, सोन्यासारखं..." एवढं म्हणून तो थांबला. स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत एक बाई उभी होती.

त्याच क्षणी, दुसऱ्या मालकाचा चेहरा दिसल्यामुळं, ब्राउझरमध्ये एक पान आपणहून उघडलं. मोठ्या अक्षरात होतं, 'घरात एक पाहुणी आहे. मुदत नोंदलेली नाही. कोणत्याही एका मालकानं भरावी.'

"पाहुणी?" निनादनं वाचलं. "कोण, बाबा?"

आवटींच्या तोंडाशी 'स्वयंपाकाला', 'शेजारच्या', 'ओळखीच्या' असे तयार शब्द येऊन उभे राहिले. सहा वर्षं वापरून गुळगुळीत झालेले. हेमलताबाई त्यांच्याकडं बघतही नव्हत्या, त्या निनादकडं बघत होत्या.

"ही हेमलता," आवटी म्हणाले. "इथं राहते."

"केव्हापासून?"

"सहा वर्षं."

"सहा... मग आम्ही येतो तेव्हा?"

"मिरजेला," हेमलताबाई म्हणाल्या. "बहिणीकडं. तिच्याकडची गादी फार टणक आहे."

मृण्मयीच्या तोंडून हसू निसटलं, तिनं ते खोक्यामागं धरलं. "तरी मी म्हणत होते," ती नवऱ्याला म्हणाली, "दर वेळी डब्यातून येणाऱ्या त्या खोबऱ्याच्या वड्या बाबांच्या हातच्या नाहीत. बाबांना नारळ फोडता येतो, पुढचं काही येत नाही."

"तू गप्प बस जरा," निनाद म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला राग या बाईंचा नाही. आईच्या फोटोखाली बसून तुम्ही मला दर रविवारी 'एकटाच आहे रे' सांगत होता. मी कंपनीत बदली मागितली होती बाबा. सांगलीत. तुम्ही एकटे म्हणून. मिळाली नाही, तर मला रात्ररात्र अपराधी वाटायचं."

आवटींना हे माहीत नव्हतं. त्यांच्या सोयीनं आणखी कुणाला कुठं कोंडलं होतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"चुकलं," ते म्हणाले.

"नुसतं चुकलं?" निनाद टेबलाशी गेला. त्याला कशावर तरी हात आपटायला हवा होता. त्यानं उभ्याउभ्याच मुदतीच्या रकान्यात लिहिलं, 'उद्या संध्याकाळ', आणि कळ दाबली. "हे घ्या. उद्या संध्याकाळपर्यंत. आम्ही जातो तोवर. तेवढ्यात बसून बोलू, काय ते."

राखणदारानं नोंद घेतली. स्वयंपाकघरात तेल तापून त्याचा वास सुटला होता, हेमलताबाईंनी आत जाऊन कढई उतरवून ठेवली आणि परत येऊन दारातच उभ्या राहिल्या.

आवटी हळूच खुर्चीत बसले. निनाद बाजूला सरकला. त्याला वाटलं, बाबा मुदत खोडणार. आवटींनी मुदतीला हात लावला नाही. त्यांनी नियमावलीचं पान उघडलं, आपलं स्वतःचं नाव काढलं, 'घरचा' खोडून तिथं 'पाहुणा' केलं आणि पुढच्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'उद्या संध्याकाळ'. यंत्रानं सांगितलं, 'शिक्का कमी करायला दुसऱ्या मालकाची संमती लागत नाही. करू?'

त्यांनी होकार दिला. सहा वर्षांत नियमावलीत त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली ही पहिली नोंद.

"बाबा, हे काय केलंत?" निनादनं त्यांचं मनगट धरलं, पण पान बदलून गेलं होतं. "हे परत वाढवायला आता माझी संमती लागेल. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," आवटी म्हणाले. "दोघांची एकदम दे."